बिघाडातून सूर काढणारा जिमी

कॉलेज फेस्टमधला हा सीन ठरलेला. लाइट्स पडलेत, ड्रमरनं काउंट दिलाय, गिटारिस्ट ऐटीत पेडलवर पाय देतो आणि सोलोच्या जागी अ‍ॅम्पमधून येतं नुसतं ‘हूंऽऽऽ’. मागच्या रांगेतून शिट्ट्या. त्यात ते पेडल घरी स्वतः सोल्डर मारून बनवलेलं असेल तर विचारूच नका. त्या क्षणी एकच प्रश्न पडतो, हे आपल्याच नशिबी का?

तर दोस्तांनो, जरा ३१ ऑगस्ट १९७० कडे जाऊ. इंग्लंडमधलं आइल ऑफ वाइट हे बेट. मध्यरात्र उलटून गेलीय, समोर लाखोंचा जमाव आहे आणि स्टेजवर आहे त्या काळातला सगळ्यात गाजलेला गिटारिस्ट, जिमी हेंड्रिक्स. ‘मशीन गन’ हे गाणं ऐन रंगात आलंय आणि त्याच्या अ‍ॅम्पमधून चक्क माणसं बोलायला लागतात! सिक्युरिटीवाल्यांच्या वॉकीटॉकीवरचं बोलणं गिटारच्या सिग्नलमध्ये घुसलं होतं. लांबलचक वायर, त्यापुढे पेडल्स, त्यापुढे फुल आवाजातले अ‍ॅम्प. या सगळ्यांनी मिळून कुणी न मागितलेला एक रेडिओ तयार केला होता. जिमी थांबला नाही. वाजवत राहिला.

गिटार पेटवणारा जिमी पोस्टरमुळे सगळ्यांना माहीत असतो. सत्ताविसाव्या वर्षी गेलेला जिमीही माहीत असतो. पण यंत्रांशी, त्यांच्या बिघाडांशी आणि ती यंत्रं बनवणाऱ्यांशी चार वर्षं झटत राहिलेला जिमी फारसा कुणी सांगत नाही. पेडल बनवणाऱ्यांच्या कामाचा तोच आहे.

झाडूपासून सुरुवात

२७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये त्याचा जन्म झाला. आधी नाव ठेवलं जॉनी अ‍ॅलन, पुढे वडिलांनी ते बदलून जेम्स मार्शल केलं. घरी पैशांची कायम ओढाताण. आईवडील वेगळे झालेले. जिमी पंधरा वर्षांचा असताना आई गेली.

शाळेत असताना हा मुलगा झाडू घेऊन फिरायचा आणि त्यावर गिटार वाजवल्याची अ‍ॅक्टिंग करायचा. ते पाहून शाळेतल्या एका समाजसेविकेनं त्याला खरी गिटार मिळावी म्हणून प्रयत्न केले. काही झालं नाही. मग वडिलांबरोबर कुणाच्या तरी घरातलं भंगार काढताना त्याला एक युकुलेली सापडली. तार एकच! त्या एका तारेवर तो ऐकलेली गाणी शोधत बसायचा. पहिली अकूस्टिक गिटार आली १९५८ मध्ये, पाच डॉलरला.

बँडमध्ये घुसल्यावर त्याच्या लक्षात आलं की ड्रम्सपुढे आपली गिटार कुणाला ऐकूच येत नाही. १९५९ मध्ये वडिलांनी त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. गिटार आली, पण स्वतःचा अ‍ॅम्प नव्हता. ती गिटारही एका रात्री क्लबमध्ये ठेवली असताना चोरीला गेली. आणि पहिल्या कार्यक्रमात? एका सिनेगॉगच्या तळघरात तो झाला आणि फार आडवंतिडवं वाजवतो म्हणून त्याला मध्यंतरातच काढून टाकलं.

तो डावखुरा होता. गिटार मिळायची ती उजव्या हाताची. मग त्यानं ती उलटी धरली आणि तारा पुन्हा उलट्या क्रमानं लावल्या. त्यामुळे आवाजाची बटणं वरच्या बाजूला आली. पुढे ज्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारसाठी तो ओळखला गेला, तिच्यात ब्रिजजवळचा पिकअप तिरका असतो. गिटार उलटली की तो तिरकेपणाही उलटतो आणि जाड-बारीक तारांचा आवाज थोडा बदलतो. हातात आहे ती वस्तू आपल्याला हवी तशी वाकवून घ्यायची, ही सवय अशी फार लवकर लागली.

भाड्याचा गिटारिस्ट

चोरीच्या गाडीत सापडल्यावर तुरुंग की लष्कर, असा पर्याय त्याच्यापुढे आला. १९६१ मध्ये तो लष्करात गेला, छत्रीधारी सैनिक झाला आणि वर्षभरात बाहेरही पडला. लष्करात कमावला तो मित्र, बेस वाजवणारा बिली कॉक्स.

मग सुरू झाली रोजंदारी. आयझ्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा मोठ्या नावांच्या मागे उभं राहायचं, एकसारखे कपडे घालायचे, ठरलेलं तेवढंच वाजवायचं. जरा जास्त चमकलं की बोलणी खायची. शेवटी १९६६ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘कॅफे वा?’मध्ये तो स्वतःचा बँड घेऊन वाजवू लागला. तिथे ‘अ‍ॅनिमल्स’ या बँडच्या चास चँडलरनं त्याला ऐकलं आणि सप्टेंबरमध्ये लंडनला नेलं. त्या वेळी जिमी तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्यातला एखादा एमए पार्ट टूचा मुलगा समजा.

खराब चॅनलची कमाल

जिमी लंडनला पोचला तेव्हा तिथले गिटारिस्ट ‘फझ’च्या प्रेमात होते. फझ म्हणजे गिटारच्या स्वच्छ सुराला मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं पेडल. गंमत म्हणजे त्याची सुरुवातच बिघाडातून झाली. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरच्या एका चॅनलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिननं वाजवलेला बेसचा तुकडा फाटून आला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि इतरांनाही तोच आवाज हवासा वाटू लागला. मग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावानं बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजलं आणि फझ घराघरात पोचला.

म्हणजे जो आवाज दुरुस्त करायला लोक धावले असते, तोच विकत मिळू लागला. जिमीला नेमकं हेच जमणार होतं.

अकरा पार्ट्सचा गोल डबा

जिमीच्या पायाशी आलं ते ‘फझ फेस’. लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६ मध्ये काढलेलं गोल पेडल. त्याचा आकार माइक स्टँडच्या बैठकीवरून सुचलेला. दोन नॉब आणि मध्ये पाय ठेवायची जागा, म्हणून दिसायला चक्क चेहरा. आत उघडून पाहिलं तर काय? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट. एकूण अकरा पार्ट्स आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी. बस्स! इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या सेमिस्टरचं प्रॅक्टिकल वाटावं इतकं साधं.

पण हे साधं सर्किट भलतं लहरी होतं. सुरुवातीच्या फझ फेसमधले ट्रान्झिस्टर होते जर्मेनियमचे. एकाच नंबरचे, एकाच लॉटमधले दोन ट्रान्झिस्टर घेतले तरी त्यांचं गेन वेगळं, त्यांच्यातून गळणारा करंट वेगळा. त्यात जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान वाढलं की गळती वाढते, बायस सरकतो आणि दुपारी झकास वाजलेलं पेडल रात्री स्टेजवरच्या लाइट्सखाली घुसमटल्यासारखं वाजतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून एकच फझ फेस घेऊन भागायचं नाही. अनेक पेडल्स आणायची, एकेक लावून ऐकायची, त्यातलं चांगलं बाजूला काढायचं. मंडईत आंबे निवडावेत तसं. दोन डबे बाहेरून सारखे, पण एक गातोय आणि दुसरा नुसताच गुरगुरतोय, हे मीटरच्या आधी कानाला कळत होतं.

जिमीनं या लहरी डब्याची आणखी एक खोड ओळखली. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की फझ फेस जवळजवळ स्वच्छ वाजतं, वाढवला की फाटतं. कारण त्याचा इनपुट गिटारच्या पिकअपला थेट लोड करतो. दोघं मिळून एकच सर्किट बनतात. त्यामुळे पेडल कायम चालू ठेवायचं आणि मऊ-कडक सगळं बोटांनी नि व्हॉल्यूमच्या बटणानं करायचं, हे त्याला जमलं. पाय एकदाच, बाकी काम हाताचं.

रॉजर, त्याचा सोल्डर आणि ऑक्टेव्हिया

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जिमी सोल्डरिंग गन घेऊन बसणारा नव्हता. तो ऐकणारा होता. सोल्डर मारणारा माणूस वेगळा, रॉजर मेयर. हा तरुण ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात कंपन आणि ध्वनी यांवर काम करायचा आणि उरलेल्या वेळात मित्रांसाठी पेडल्स बनवायचा. जिमी पेज, जेफ बेक यांना त्यानं फझ करून दिले होते.

१९६७ च्या जानेवारीत लंडनच्या एका क्लबमध्ये तो जिमीला भेटला आणि आपला नवा डबा दाखवला. पुढे त्याचं नाव पडलं ऑक्टेव्हिया. कल्पना अशी : गिटारचा सिग्नल म्हणजे वरखाली जाणारी लाट. डायोड लावून लाटेचा खालचा अर्धा भागही वर उलटवायचा. आता जिथे एक टेकडी होती तिथे दोन झाल्या. म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट, म्हणजेच सूर एक सप्तक वर! आपल्या मोबाइल चार्जरमध्ये एसीचा डीसी करताना डायोड जे करतात, तीच युक्ती इथे संगीतासाठी.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑलिंपिक स्टुडिओत ‘पर्पल हेझ’च्या सोलोवर हे पेडल वाजलं. गिटारच्या वर कुणी शिटी वाजवतंय असा तो आवाज ऐका, तोच ऑक्टेव्हिया. सगळ्या सुरांवर तो सारखा चालत नाही. मानेजवळचा पिकअप आणि बाराव्या फ्रेटच्या वरचे सूर असले की खुलतो. जिमीनं ते ऐकून ओळखलं आणि तिथेच वाजवलं. मेयर पेडल बनवायचा, जिमी वाजवून दाखवायचा, काय कमी-जास्त हवं ते सांगायचा, मेयर पुन्हा डबा उघडायचा. हाताला कान मिळाला आणि कानाला हात.

या गाण्याची टेप अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली तेव्हा सोबत एक सूचना होती. आवाज मुद्दाम फाटका ठेवला आहे, दुरुस्त करायला जाऊ नका! सहा वर्षांपूर्वी नॅशव्हिलमध्ये अपघातानं झालेली गोष्ट आता कुणी हट्टानं करत होतं.

क्रम चुकला की सूर चुकला

पुढच्या दोन वर्षांत पेडल्स वाढत गेली. १९६७ मध्ये आलं वा-वा, पाय पुढे-मागे करून सुराला ‘वाऽऽ’ म्हणायला लावणारं. त्यात पायाखालचा पॉट फिल्टरची जागा सरकवतो, इतकंच. पण वा आणि फझ फेस एकत्र लावणाऱ्या प्रत्येकाला ठेच लागते. फझ फेस समोरच्याला लोड करतं, त्यामुळे वाचा झोका मरतो, कधी कधी तर दोघं मिळून किंचाळतात. जिमी वा आधी आणि फझ नंतर असाच क्रम ठेवायचा आणि त्यातून येणारा चिडका आवाजही वापरायचा.

१९६९ मध्ये त्यात भर पडली ‘युनि-व्हाइब’ची. जपानच्या शिन-एई कंपनीसाठी फुमिओ मिएदा यांनी तयार केलेलं हे यंत्र. आत एक छोटा दिवा लुकलुकतो आणि त्याच्याभोवती चार फोटोसेल असतात. उजेड कमी-जास्त होतो तसा सूर पाण्यावर हलल्यासारखा वाटतो.

१८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ, वुडस्टॉक. कार्यक्रम लांबत लांबत गेलेला, बरीचशी गर्दी पांगलेली, मैदानात चिखल. जिमीनं वा, फझ फेस, युनि-व्हाइब आणि मार्शल अ‍ॅम्प असा साज घेऊन अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. सूर सरळ चालता चालता मध्येच फुटतात, विमानासारखे खाली येतात, बॉम्बसारखे पडतात. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि एकेकाळचा छत्रीधारी सैनिक शब्द न उच्चारता ते ऐकवत होता. फीडबॅक, खरखर, किंचाळी. साउंड इंजिनिअर ज्याला दोष म्हणतात, त्या प्रत्येक गोष्टीला त्या सकाळी अर्थ होता.

शेवटचं यंत्र : स्टुडिओ

स्टुडिओतही तो असाच. गाणं मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा. १९६७ च्या अखेरीस ‘अ‍ॅक्सिस’ या अल्बमच्या एका बाजूची फायनल टेप तो टॅक्सीत विसरला आणि सगळं मिक्सिंग एका रात्रीत पुन्हा करावं लागलं. वक्तशीर, शिस्तीचा वगैरे तो अजिबात नव्हता. स्टुडिओच्या भाड्याचे आकडे वाढत गेले, तेव्हा न्यू यॉर्कमध्ये स्वतःचाच स्टुडिओ बांधायचं ठरलं. ‘इलेक्ट्रिक लेडी’. २६ ऑगस्ट १९७० रोजी तो सुरू झाला. मनात येईल तेव्हा जाऊन, घड्याळाकडे न बघता आवाज शोधायची हक्काची जागा. एकेकाळी अ‍ॅम्प नसलेल्या मुलासाठी ही किती मोठी गोष्ट असेल!

त्यानंतर तो लगेच इंग्लंडला निघाला, आइल ऑफ वाइटला. तीच ती वॉकीटॉकीची रात्र. १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानंतर गुदमरून तो गेला. स्टुडिओ सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. हयातीत आलेले स्टुडिओ अल्बम तीन. लंडनला पाऊल ठेवल्यापासूनचा काळ जेमतेम चार वर्षं.

त्याच्या मृत्यूभोवती नंतर खूप दंतकथा जमल्या. नशा, सत्ताविसाव्या वर्षाचा शाप वगैरे. त्यात रोमँटिक काही नाही. एक माणूस त्याचं काम अर्धवट टाकून गेला, एवढंच ते आहे. ज्या गोष्टीसाठी त्याला लक्षात ठेवायचं, ती त्याच्या आधीची आहे. एका तारेची युकुलेली, उलटी धरलेली गिटार, ढिगातून निवडलेला फझ, मित्रानं फावल्या वेळात बनवलेला डबा. यातलं एकही उपकरण परिपूर्ण नव्हतं.

आज त्याच्या नावाची पेडल्स महागड्या दुकानात मिळतात. पण त्यातल्या सर्किटचे बरेचसे पार्ट्स मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पॉकेटमनीत मिळतात. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर मात्र शोधावा लागतो, आजोबांच्या जुन्या रेडिओतसुद्धा. बनवा. पहिल्यांदा वाजणार नाही, हे गृहीत धरा. आणि मित्रांमध्ये कुणाचा हात चांगला असेल, कुणाचा कान, तर दोघांना एका टेबलाशी बसवा. मेयर आणि जिमीनं तेवढंच केलं होतं.

चौकट : फझ गप्प बसलाय?

• आधी पेडल बंद ठेवून आवाज येतो का बघा. तेव्हाही येत नसेल तर दोष जॅक, वायर किंवा स्विचमध्ये आहे, सर्किटमध्ये नाही.

• बॅटरी मोजा. बऱ्याच पेडल्समध्ये इनपुटचा स्टीरिओ जॅकच बॅटरीचा स्विच असतो. गिटारची पिन घातल्याशिवाय ती चालू होत नाही.

• जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम फझमध्ये बॅटरीचा प्लस ग्राउंडला असतो. इतर पेडल्सच्या अ‍ॅडॉप्टरवर ते जोडू नका, शॉर्ट होईल.

• ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागलेत का ते तपासा. डेटाशीट बघा, अंदाज नको.

• मल्टिमीटरनं दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर व्होल्टेज बघा. ते बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास, साधारण साडेचार व्होल्ट हवं. शून्याजवळ किंवा नवाजवळ असेल तर बायस बिघडलाय.

• मंद, धुरकट दिसणारा प्रत्येक जॉइंट पुन्हा तापवा. घरच्या पेडल्समधला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे ड्राय सोल्डर.

• रेडिओ ऐकू येतोय? डबा धातूचा घ्या, तो ग्राउंडला जोडा, आतल्या वायरी आखूड ठेवा.

• सगळं तपासून झालं आणि तरीही आवाज विचित्रच येतोय? डबा बंद करण्याआधी एकदा नीट ऐका. कदाचित तो विचित्र आवाजच तुम्हाला हवा असेल.